दुसऱ्याचं दुखणं, आपला ताण आणि कामात लागणारं मन

इस्पितळात नवी सिस्टर रुजू झाली की महिन्याभरात कुणीतरी जुनी सिस्टर तिला बाजूला घेऊन सांगते, "मन घट्ट कर गो, नाहीतर या कामात टिकायची नाहीस." सांगणारी वाईट नसते. स्वतः रडून शिकलेलं असतं ते, आणि पोरीचं तरी तसं होऊ नये एवढीच तिची इच्छा असते. हाच सल्ला कळंगुटच्या हॉटेलात रिसेप्शनवर उभ्या राहणाऱ्या मुलाला मिळतो, शाळेतल्या नव्या बाईंना मिळतो, १०८ च्या गाडीवर जाणाऱ्यांना मिळतो. लोकांचं फार मनावर घ्यायचं नाही, आपलं काम करायचं आणि घर गाठायचं.

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर पुष्कळ काम केलं आहे. ते वाचून माझं मत असं झालं आहे की या सल्ल्यातलं निम्मं बरोबर आहे आणि उरलेलं निम्मं माणसाचं नुकसान करतं. मन घट्ट केलेला माणूस नोकरीत टिकतो, पण पुष्कळदा कामावरून त्याचं मन उडालेलं असतं. उलट वीस-वीस वर्षं ज्यांचा कामातला जीव कमी होत नाही, त्यांत मऊ मनाची माणसं कितीतरी दिसतात. तेव्हा दुसऱ्याचं दुःख समजणं, स्वतःचा ताण निभावणं आणि कामात मन लागणं या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, ते जरा सावकाश पाहू.

आधी कामात मन असणं म्हणजे काय ते ठरवू. अभ्यासक त्याला वर्क एंगेजमेंट म्हणतात. जास्त तास थांबणारा किंवा साहेबाच्या पुढेपुढे करणारा माणूस एंगेज्ड असतोच असं नाही. विल्यम कान या अमेरिकी संशोधकाने १९९० साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला, तो आजही पायाभूत मानतात. त्यासाठी त्याने दोन ठिकाणची माणसं पाहिली: वेस्ट इंडीजमधल्या एका उन्हाळी शिबिरात मुलांना सांभाळणारे तरुण, आणि अमेरिकेतल्या एका आर्किटेक्ट कंपनीतले लोक. तुम्ही कामात पुरते होतात ते प्रसंग सांगा, आणि नुसते देहाने हजर होतात तेही सांगा, असं त्याने त्यांना विचारलं. उत्तरांतून तीन अटी पुढे आल्या. काम करण्याजोगं वाटायला हवं. आपण मोकळेपणी वागलो-बोललो तर ते आपल्यावर शेकणार नाही, अशी खात्री हवी. आणि तिसरी अट, जिच्याकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं: त्या दिवशी अंगात आणि मनात तेवढं त्राण शिल्लक हवं. शिबिरातली मुलं सांभाळणं हे सीझनचं काम. काही महिने सकाळ-संध्याकाळ माणसांच्या गराड्यात, मग शुकशुकाट. आपल्याकडे गोव्याच्या किनाऱ्यांवरच्या शॅकमध्ये काम करणाऱ्यांना ही तिसरी अट समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे विल्मार शाउफेली, आर्नोल्ड बाकर आणि त्यांचे सहकारी यांनी हे मोजण्यासाठी प्रश्नावली बनवली. मूळची सतरा प्रश्नांची, नंतर नऊ प्रश्नांची छोटी आवृत्ती निघाली. ती तीन गोष्टी मोजते: कामात जोम वाटतो का, कामाची ओढ आणि अभिमान वाटतो का, आणि काम करताना तल्लीन होता का. सकाळी उठल्यावर कामावर जावंसं वाटतं का, असा एक साधा प्रश्न त्यात आहे आणि उत्तर शून्य ते सहा यांत द्यायचं. शून्य म्हणजे कधीच नाही, सहा म्हणजे रोज.

याच्या उलट टोकाला बर्नआउट, म्हणजे कामातून येणारा पुरता थकवा. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली या थकव्यावर लिहिलं ते न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात आपण होऊन राबणारे लोक पाहून. आळशी माणसं नव्हती ती. सर्वांत जास्त जीव लावणारीच आधी कोमेजत होती. क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी मग त्याची तीन लक्षणं मांडली. भावना पार आटून जाणं, समोरच्या माणसाकडे वस्तू म्हणून बघायला लागणं, आणि आपल्या हातून काही होतच नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली. तो आजार नाही, कामाशी निगडित स्थिती आहे आणि कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे ती येते, असं तिथे म्हटलं आहे. यातलं दुसरं लक्षण पुन्हा वाचा. 'आजी' जाऊन 'चौदा नंबर' होणं, गेस्ट जाऊन 'तीनशे दोन' होणं. "मन घट्ट कर" हा सल्ला शेवटपर्यंत पाळला तर माणूस तिथेच पोचतो. ज्यापासून वाचायचं, तेच आपण औषध म्हणून घेतो.

आता एम्पथीकडे, म्हणजे दुसऱ्याचं दुःख समजण्याकडे, वळू. आपण ती एकच गोष्ट समजतो: मन हळवं आहे किंवा नाही. १९८० च्या सुमारास मार्क डेव्हिस या मानसशास्त्रज्ञाने तिचे चार पदर वेगळे केले. त्यातला एक गोष्टी-कादंबऱ्यांतल्या पात्रांत रमण्याचा. तो इथे बाजूला ठेवू. उरलेले तीन आपल्या कामाचे. पहिला, समोरच्याच्या जागी उभं राहून तो काय पाहतोय, त्याला काय कळलं नाही, हे ओळखणं. दुसरा, त्याच्याबद्दल कळवळा वाटणं आणि त्याचं बरं व्हावं असं वाटणं. तिसरा, त्याचं दुःख पाहून आपणच घाबरंघुबरं होणं, जीव कासावीस होणं. बाहेरून पाहिलं तर तिन्ही सारखेच वाटतात. तिघांच्याही डोळ्यांत पाणी येऊ शकतं. पण पहिल्या दोहोंत लक्ष समोरच्या माणसावर असतं आणि तिसऱ्यात ते आपल्याकडे वळलेलं असतं: मला हे बघवत नाही, मला इथून निघायचं आहे.

हे अंगात किती खोल रुजलेलं आहे ते तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या प्रयोगात दिसतं. सोळा जोडपी घेतली. बाई मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात, जोडीदार शेजारी. कधी तिच्या हाताला विजेचा छोटा चटका, कधी त्याच्या. चटका कुणाला बसणार हे तिला खुणेने कळायचं. त्याला बसणार म्हटल्यावरही तिच्या मेंदूतले वेदनेची बोच जाणवणारे भाग जागे होत. चटका नेमका कुठे बसला हे नोंदवणारे भाग मात्र तिला स्वतःला लागलं तेव्हाच उठत. म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्यातली बोच आपल्यात खरोखरच उमटते. दिवसाला चाळीस पेशंट पाहणाऱ्या सिस्टरला दमायला का होतं, याचं एक उत्तर इथे आहे. हे दमणं खरं आहे आणि "नाटकं करते" म्हणून ते झटकून टाकणं अन्यायाचं आहे.

मग यातून सुटका कशी? डॅनियल बॅटसन यांनी १९९७ साली केलेला एक प्रयोग मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. आई-वडील गमावलेल्या आणि लहान भावंडांना सांभाळणाऱ्या एका विद्यार्थिनीची मुलाखत लोकांना ऐकवली. एका गटाला सांगितलं, तटस्थपणे ऐका. दुसऱ्याला सांगितलं, तिला काय वाटत असेल याची कल्पना करा. तिसऱ्याला सांगितलं, तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं याची कल्पना करा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्या लोकांना तिच्याबद्दल कळवळा वाटला. पण तिसऱ्या गटाला त्यासोबत स्वतःचीच तगमगही झाली. "तिला काय वाटतंय" आणि "मला काय वाटलं असतं" या दोन प्रश्नांत एवढं अंतर आहे.

माझी मावसबहीण एका सरकारी इस्पितळात मेडिसिन वॉर्डाला आहे. नाइट ड्युटीत पहाटे तीनच्या सुमारास आईच्या खाटेजवळ एखादी मुलगी हुंदके देत उभी असते. सुरुवातीच्या वर्षांत हिला तिथे स्वतःची आई दिसायची आणि मग हात चालायचे नाहीत. आता ती स्टूल ओढून दोन मिनिटं बसते आणि कोकणीत विचारते, "डॉक्टर राऊंडला आले तेव्हा काय म्हणाले, ते मला सांग बघू." मुलगी सांगायला लागते आणि बहुतेक वेळा कळतं की तिला निम्मंच कळलं होतं, सोडियम कमी झालंय हे ऐकून तिने काहीतरी भयंकर समजून घेतलं होतं. मावसबहीण हातातल्या जुन्या लॅब स्लिपच्या मागे दोन शब्द लिहून देते: सकाळी कुठली तपासणी आहे, रिपोर्ट किती वाजता मिळेल. हुंदके थांबतात असं नाही, पण मुलगी स्टुलावर बसते. आणि मावसबहीण सांगते की अशा रात्रीनंतर ती कमी दमलेली असते. मन घट्ट केल्यामुळे हे जमलं असं कुणी म्हणेल. मला तर उलटं दिसतं. ती आधीपेक्षा जास्त बारकाईने समोरच्या मुलीकडे पाहते आहे, म्हणून तिला स्वतःची आई तिथे आणावी लागत नाही.

ओल्गा क्लिमेकी आणि सिंगर यांच्या २०१४ साली छापलेल्या अभ्यासात हाच फरक सरावाने आणता येतो का ते पाहिलं. लोकांना आधी दुसऱ्याचं दुःख स्वतःत जसंच्या तसं अनुभवण्याचा सराव दिला. दुःखी माणसांच्या चित्रफिती पाहताना त्यांच्या मनातलं वाईट वाटणं वाढलं. मग त्याच लोकांना करुणेचा, म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं ही माया जागवण्याचा सराव दिला. वाईट वाटणं खाली आलं आणि चांगलं वाटणं वाढलं; मेंदूतले जागे होणारे भागही वेगळे होते. म्हणजे हा स्वभावाचा दगडी ठसा नाही, शिकता येण्यासारखी गोष्ट आहे.

आरोग्यसेवेतल्या लोकांमधला बर्नआउट आणि एम्पथी यांच्यातला संबंध तपासणारा एक आढावा २०१७ साली आला. त्यात बसलेल्या दहा अभ्यासांपैकी आठांत असं दिसलं, की जिथे एम्पथी जास्त तिथे बर्नआउट कमी. आता यातून एम्पथीमुळे माणूस वाचतो असं लगेच म्हणायला जाऊ नये. असे बहुतेक अभ्यास एकाच वेळी दोन्ही गोष्टी मोजतात, त्यामुळे आधी काय घडलं ते त्यांतून कळत नाही. थकलेल्या माणसाची एम्पथीच आटते, असंही असेल. आणि तसं ते असतंच. मॅस्लॅक यांचं दुसरं लक्षण हेच तर सांगतं. दोन्ही बाजूंनी चाक फिरतं: कामात मन असलं की समोरच्याला समजून घ्यायला त्राण उरतं, समजून घेतलं की कामाला अर्थ येतो, आणि मन आणखी लागतं. हे चाक उलटंही फिरतं. कोणत्या बाजूला फिरेल, ते ठरवण्यात ताण कसा निभावला जातो याचा वाटा मोठा आहे.

ताणाबद्दल रिचर्ड लॅझरस यांचं म्हणणं असं, की ताण नुसत्या प्रसंगात नसतो आणि नुसत्या माणसातही नसतो. प्रसंगाचा आपण जो अर्थ लावतो त्यात असतो. १९६४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लोकांना अंगावर काटा आणणारी एक चित्रफीत दाखवली, एका आदिवासी विधीत कोवळ्या मुलांवर होणाऱ्या शस्त्रक्रियेची. चित्रं तीच, पण सोबतचं निवेदन वेगवेगळं. वेदनेवर बोट ठेवणारं निवेदन ऐकणाऱ्यांच्या शरीरात ताणाच्या खुणा वाढल्या. अभ्यासकाच्या नजरेने विधीची माहिती देणारं निवेदन ऐकणाऱ्यांच्या कमी झाल्या. पुढे १९८४ साली त्यांनी सुझन फोकमन यांच्यासोबत हा विचार पूर्ण मांडला. प्रसंग समोर आला की मन दोन प्रश्न विचारतं: यात माझं काय पणाला लागलंय? आणि माझ्या हातात काय आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "काहीच नाही" असं आलं की छाती दडपते.

ताण निभावण्याचेही त्यांनी दोन मोठे मार्ग सांगितले. एक, अडचणीलाच हात घालणं. दुसरा, अडचणीने मनात उठलेलं वादळ शांत करणं. आपल्याकडे या दोहोंची फार गल्लत होते, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त नुकसान त्यातच आहे. मरणाच्या दारात असलेला पेशंट सिस्टरच्या हातात नसतो. तिथे मन सावरणं, कुणाजवळ बोलणं, देवळात पाच मिनिटं टेकणं हेच योग्य, आणि त्यात काहीही कमीपणा नाही. पण ड्युटीचा तक्ता माणसांच्या हातात असतो. सलग सहा नाइट लागल्या म्हणून थकलेल्या माणसाला दीर्घ श्वास घ्यायला शिकवणं म्हणजे बदलता येण्यासारखी गोष्ट न बदलता त्याला ती सोसायला शिकवणं. कंपन्यांत आणि हॉटेलांत ताणमुक्तीची शिबिरं होतात, योगाचे वर्ग होतात. योग चांगलाच. मीही त्याचा पुरस्कारच करीन. पण त्या वर्गासाठी सुटीच्या दिवशी माणसं बोलावली आणि तक्ता तोच ठेवला, तर लोकांना काय कळायचं ते कळतं.

तिसरा एक मार्ग आपण सगळेच अधूनमधून धरतो, तो म्हणजे टाळणं. ड्युटी संपली की कोपऱ्यावरच्या बारमध्ये दोन पेग, मग मोबाइल, मग झोप येईपर्यंत पुन्हा मोबाइल. गोव्यात दारू स्वस्त आणि हाताशी आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. एखाद्या संध्याकाळी विसरून जाणं वेगळं. रोजचा ताण रोज असाच झाकला जाऊ लागला की अडचण तशीच राहते आणि त्राण मात्र कमी होत जातं.

आता हॉटेलकडे येतो, कारण गोव्यातले हजारो मराठी-कोकणी घरचे मुलगे-मुली याच कामात आहेत आणि इथे एम्पथी पगाराच्या बदल्यात मागितली जाते. आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून भावनांचे श्रम ही कल्पना मांडली. चेहऱ्यावर हसू ठेवणं हेही काम आहे, ओझी उचलण्याइतकंच. ते करायच्या दोन तऱ्हा. आतून चडफडत वरवर हसणं ही एक. समोरच्याची अडचण खरोखर समजून घेऊन आतूनच तसं वाटू देणं ही दुसरी. नंतरच्या अनेक अभ्यासांत पहिली तऱ्हा थकव्याशी ठळकपणे जोडलेली आढळली. दुसरीबद्दल तसं चित्र नाही.

समजा, २८ डिसेंबर आहे. साखळी गावचा मुलगा पहाटे घर सोडून सात वाजता रिसेप्शनला उभा राहिलाय. साडेअकराला मोपा विमानतळाहून एक कुटुंब येतं, कडेवर तापलेलं बाळ. चेक-इन दोनचं, खोली रिकामी झालेली नाही, हाउसकीपिंगला दोन माणसं कमी. बाळाची आई कंटाळलेली आहे आणि आवाज चढवते. मुलाला तिचं कळतंय. त्याच्याही घरी वर्षाचा भाचा आहे. पण त्याच्या हातात काय आहे? खोली नाही, साधं गरम पाणी आणि बसायला आडोशाची जागा द्यायची तरी ड्युटी मॅनेजरला विचारायचं, आणि मॅनेजर फोन उचलत नाही. तो हसतो, "सॉरी मॅम" म्हणतो, पुन्हा हसतो. कळवळा आहे आणि त्याचं काही करता येत नाही. दिवसातून दहा वेळा असं झालं की माणूस आपोआप कळवळाच बंद करतो, कारण तेवढीच गोष्ट त्याच्या ताब्यात असते.

त्याच मुलाला सकाळच्या ब्रीफिंगमध्ये कुठल्या खोल्या उशिरा मिळणार याची यादी द्या. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मॅनेजरला न विचारता नाश्ता द्यायची आणि स्पाजवळची खोली तासभर उघडून द्यायची मुभा द्या. तीच बाई, तेच बाळ, तोच मुलगा. आता त्याला कळलेलं दुःख हातांपर्यंत पोचतं. बाई निवांत झालेली दिसते आणि त्याला त्या दिवशी आपण कुणाच्या तरी कामी आलो असं वाटतं. एंगेजमेंट वाढवण्याच्या कितीतरी भाषणांपेक्षा ही मुभा जास्त काम करते, असं मला अगदी मनापासून वाटतं.

यालाच अभ्यासक मागण्या आणि साधनं यांचा हिशेब म्हणतात. एव्हान्जेलिया डेमेरूटी, बाकर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली तो मांडला. काम आपल्याकडून काय काय मागतं ते एका बाजूला. काम आपल्याला काय देतं ते दुसऱ्या बाजूला: निर्णयाची मुभा, वरिष्ठांचा आधार, सोबत्यांची मदत, केलेल्या कामाची पोचपावती. मागण्या वाढत गेल्या की थकवा येतो, साधनं आटली की मन उडतं. फिनलंडमधल्या ८०५ शिक्षकांवरच्या २००७ सालच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. वर्गात मुलांचा त्रास जितका जास्त, तितका या साधनांचा एंगेजमेंटसाठी उपयोग जास्त. म्हणजे आधाराची खरी गरज डिसेंबरात असते. जूनमध्ये हॉटेल रिकामं असताना घेतलेल्या ट्रेनिंगने ती भागत नाही.

सगळ्या मागण्या सारख्याही नसतात. थर्टी फर्स्टची गर्दी, सोबत चांगली टीम आणि हातात सामान असेल तर ती अंगात वारं भरते. काम संपल्यावर पोरं पहाटे चारला एकमेकांना टाळ्या देतात. पण बिलिंगचं मशिन रोज बंद पडणं, एकाच गोष्टीसाठी तिघांच्या सह्या घ्याव्या लागणं, दोन साहेबांनी दोन हुकूम देणं, यातून नुसती चिडचिड हाती लागते. पहिल्या प्रकारच्या मागण्या एंगेजमेंटसोबत वाढतात आणि दुसऱ्या प्रकारच्या ती पोखरतात, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे.

गोव्यातच घडलेलं एक काम या संदर्भात मला फार मोलाचं वाटतं. पर्वरीची संगाथ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यात काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे दाखवून दिलं, की डॉक्टर नसलेली साधी माणसं प्रशिक्षण घेऊन नैराश्यात असलेल्यांना समुपदेशन करू शकतात. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचं नैराश्य ओसरलं होतं, नुसती नेहमीचीच, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्क्यांचं.

अभ्यास रुग्णांचा होता, समुपदेशकांच्या एंगेजमेंटचा नव्हे. पण त्यांची कामाची पद्धत पाहा. रोज दुसऱ्यांचं दुःख ऐकणारी ही माणसं दर आठवड्याला गटाने बसत, एकमेकांच्या भेटींची ध्वनिमुद्रणं ऐकत आणि ठरलेल्या तक्त्यावर गुण देत. कुठे ऐकून घेतलं, कुठे घाईने सल्ला दिला, कुठे रुग्णाचं बोलणं तोडलं. ऐकण्याचं ओझं एकट्याच्या डोक्यावर राहत नव्हतं, आणि ऐकणं हे कसब म्हणून सुधारत होतं. आपल्या किती वॉर्डांत, शाळांत, हॉटेलांत असा तास ठेवलेला आहे? सिस्टर एखाद्या कोवळ्या मुलाचा मृत्यू पाहून चेंजिंग रूममध्ये जाते, तोंड धुते आणि पुढच्या खाटेकडे वळते. हँडओव्हरमध्ये सलाइन किती राहिलं ते सांगायला जागा असते. रात्र कशी गेली ते विचारायला नसते. पाच मिनिटांच्या या विचारण्याला पैसे लागत नाहीत, आणि विल्यम कानने सांगितलेल्या दुसऱ्या अटीची, बोललं तर शेकणार नाही या खात्रीची, सुरुवात तिथूनच होते.

घरी गेल्यावर काम मनातून उतरणं हाही ताण निभावण्याचाच भाग आहे. जर्मन संशोधक सबीने झोनेनटाग यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. संध्याकाळी कामापासून मनाने सुटका झाली की दुसऱ्या दिवशी माणूस ताजा असतो, आणि नुसतं आडवं पडणं म्हणजे ती सुटका नव्हे. वाळपईहून वेर्ण्याला जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्याचे दिवसाचे काही तास रस्त्यातच जातात. घरी पोचल्यावर रात्री अकराला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर उद्याचा तक्ता बदलल्याचा मेसेज येतो. मग झोपेतही कामच. उलट भजनाची बैठक, गावच्या नाटकाची तालीम, अंगणातली मिरचीची रोपं, असं काही शिकणं किंवा हाताने करणं, हे झोनेनटाग यांच्या यादीत विश्रांतीइतकंच महत्त्वाचं आहे. पेडणे-डिचोलीत नाटकाच्या तालमीला दिवसभर राबून आलेली माणसं रात्री दहाला उत्साहाने उभी राहतात, याचं लोकांना नवल वाटतं. त्यात नवल नाही.

ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांनी तक्ता आठवडाभर आधी लावावा, नाइट सलग किती लागतात ते मोजावं, समोरच्याला मदत करायची छोटी मुभा द्यावी आणि कठीण पाळीनंतर विचारपूस करावी. पैसे यात फारसे लागत नाहीत. आपल्या पुरतं म्हणाल तर, समोर कुणी रडत किंवा ओरडत असताना "माझ्यावर ही वेळ आली असती तर" हा विचार येताच तो बाजूला सारून "याला आत्ता काय कळलेलं नाही, काय हवंय" हे विचारून पाहावं. आणि आपल्या त्रासाची यादी करून त्यातलं कुठलं बदलण्यासारखं आहे ते वेगळं काढावं. ते बदलायला एकट्याने जाऊ नये, दोघा-चौघांनी मिळून जावं.

हे सगळं कामातल्या थकव्याबद्दल झालं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगू नये असं मनात येत असेल, तर तो प्रश्न तक्त्याचा किंवा एम्पथीचा राहिलेला नाही. डॉक्टरला दाखवायला हवं. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत, आयपीएचबीत, ओपीडी आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या सरकारी टेली मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.